मासेमारी बंद, सफारी सुरू

जून उजाडला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवतात, खलाशी आपापल्या गावची वाट धरतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी. एरवी सगळं घर दर्याच्या तालावर चालतं, त्यामुळे मुलाबाळांसह लांब जायचं तर हेच दिवस. पण आफ्रिकेतल्या सफारीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पावसाळ्यात कसली सफारी? दिवाळीनंतर बघू."

हा हिशेब आपल्याकडच्या जंगलांचा. ताडोब्याचं कोअर क्षेत्र १ जुलैपासून तीन महिने पर्यटकांना बंद असतं, म्हणून पाऊस म्हणजे जंगल बंद हे डोक्यात बसलंय. केनिया-टांझानियात मोठा पाऊस मार्च ते मे या काळात पडून जातो. जूनपासून कोरडा हंगाम लागतो, गवत वाळतं, जनावरं पाणवठ्यांवर येऊ लागतात. उलट दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, तिथे धाकटा पाऊस चालू असतो. त्यामुळे बंदीचे दिवस वाईट तर नाहीतच, चांगल्यांपैकी आहेत.

दुसरा गैरसमज टीव्हीने करून दिलेला: जुलैत मारा नदीवर गेलं की हजारो वाइल्डबीस्ट मगरींच्या जबड्यांतून पोहत जाताना दिसणारच. दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे वर्षभर फिरत असतात, पावसामागे आणि कोवळ्या गवतामागे. फेब्रुवारीत ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एनडुटूच्या माळावर असतात. तिथे वासरं जन्मतात. जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकतात, जुलैत उत्तरेला, आणि केनियाच्या मसाई मारात त्यांचा मुक्काम साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. नेमकी तारीख कुणीच देऊ शकत नाही. जो टूरवाला देतो, त्याच्यापासून सावध राहा. कळप काठावर येतो, धूळ उडवत तासन्‌तास उभा राहतो, एखादा झेब्रा पाण्यात तोंड घालून बिचकतो आणि अख्खा जमाव मागे फिरतो. तुम्ही गाडीतच.

आता मिरकरवाड्याचा हिशेब लावा. जुलैचा दुसरा पंधरवडा जाळी, इंजिन आणि रंगकामात जातो, म्हणजे खरी मोकळीक जुलैच्या मध्यापर्यंत. तेव्हा मोठे कळप बहुधा टांझानियातच असतात. कळपच बघायचे तर सेरेंगेटी गाठा. मारात सिंह, हत्ती, जिराफ बाराही महिने असतात, त्यांच्यासाठी ऑगस्टची वाट बघायची गरज नाही. पर्ससीन जाळ्याने मासेमारी करणाऱ्यांचं गणित वेगळं. २०१६ च्या शासन आदेशाने त्यांचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर असा ठरवला, त्यामुळे ऑगस्टही त्यांच्या हातात. तो माराचा ऐन भर. पण मग लॉजचं आरक्षण बरेच महिने आधी करावं लागतं.

पैशाचाही फरक पडतो. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, राखीव क्षेत्र आहे. त्याचा कारभार नारोक काउंटीकडे. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. चार मोठी माणसं, तीन दिवस: जूनअखेर १,२०० डॉलर, जुलै लागला की २,४००. टूरचा भाव विचारताना हे शुल्क त्यात धरलंय का, हे आधी विचारा.

"केनिया आपल्याकडे पीतज्वराची लस मागत नाही, मग कशाला टोचून घ्यायची?" हा सगळ्यात महागात पडणारा समज. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया सहसा विचारत नाही, हे खरं. विचारतो तो भारत, परत येताना. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केनियातून टांझानियात शिरताना टांझानियाही ते मागतो. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतलं की २०१६ पासून ते जन्मभर चालतं. जहाजावर नोकरी केलेला माणूस रत्नागिरीत शोधावा लागत नाही, त्याला विचारा. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेच. "आम्ही डासांतच वाढलो" म्हणणाऱ्याला तिथला मलेरिया सोडत नाही.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हेही सोडून द्या. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच आहे. जूनच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत बसलं की हुडहुडी भरते; कोकणातल्या कपाटात क्वचितच असणारं जाड जाकीट लागतं. वाघ मात्र तिथे नाही. बरेच जण अजूनही विचारतात.

लांबचीही धास्ती नको. मुंबई-नैरोबी थेट विमान सहा तासांच्या आसपास, कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात मुंबई गाठायला साधारण तेवढेच किंवा जास्तच जातात. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. घाटात दरड कोसळली म्हणून विमान थांबत नाही. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास. छोट्या विमानाने गेलात तर १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सुटकेस नाही.

खाण्याचे हाल होतील ही भीती सगळ्यात फोल. रेल्वे बांधायला भारतीय मजूर तिथे १८९६ पासून गेले, चपाती आणि समोसा आता तिथल्यांचाच झालाय. हलालही सहज मिळतं. तरी आंबापोळी, कुळथाचं पीठ बॅगेत पडणारच. ते पिशवीत नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. स्टीलचा डबा न्या.