आजारपणानंतरचा चमचाभर पराग

टायफॉइड किंवा डेंग्यूतून उठलेल्या माणसाला हल्ली कुणीतरी परागाची बरणी आणून देतं. सोबत शिफारस असतेच: 'मधमाश्यांचा पराग आहे, पूर्वापार औषध. अशक्तपणा पळालाच समजा.'

पूर्वापार? बरणीतले पिवळे-केशरी दाणे म्हणजे सुटे परागकण नव्हेत. माशी पराग मकरंदात मळून त्याची गोळी मागच्या पायांवर लादून आणते. पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावली, की आत शिरताना ती गोळी गळून खालच्या ट्रेमध्ये पडते. या जाळ्या विसाव्या शतकात रुळल्या. त्याआधी पराग पोटात जाई तो मुख्यतः पोळ्यासकट, मधाबरोबर. आयुर्वेदातली वर्णनं मधाची आहेत, या बरणीची नाहीत.

वनौषधींची पारख करणाऱ्या जर्मनीच्या 'कमिशन ई' या समितीने मात्र अशक्तपणा आणि मंदावलेली भूक यांसाठी पराग बलवर्धक म्हणून मान्य केला होता, हेही सांगायला हवं. पण त्याने रुग्ण लवकर बरा होतो, असं माणसांवरच्या भक्कम चाचण्यांतून दिसलेलं नाही.

'प्रथिनांचा खजिना' हे तर साध्या हिशेबातच ढासळतं. परागात ढोबळमानाने 20 टक्के प्रथिनं धरली, तर 10 ग्रॅमच्या चमच्यात भरतात 2 ग्रॅम. एका अंड्यात 6. त्यातही परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट, की हजारो वर्षं मातीत टिकतं. आपल्या आतड्यांना ते पुरतं फुटत नाही. मऊ भात आणि मुगाचं वरण यांची बरोबरी हा चमचा करू शकत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. 'मध सोसतो, म्हणजे परागही सोसेल' हे धरून चालू नये. मधात पराग नावालाच असतो. दमा किंवा परागाची अॅलर्जी असलेल्यांना पहिल्याच चमच्याला अंगावर गांधी, घशाला सूज, क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत. बरणीत सूर्यफुलाचा पराग असू शकतो; सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातली, त्यामुळे गाजरगवताने शिंका येणाऱ्यांनी लांबच राहावं. 'थोडा थोडा खाऊन अॅलर्जी जाते' हा सल्ला तर धोक्याचाच.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असताना परागामुळे त्याचा परिणाम वाढल्याचंही नोंदलं गेलंय. डॉक्टरांना गोळ्यांची नावं सांगताना ही बरणीही सांगावी. 'ते काय, खाण्याचंच तर आहे' म्हणून नेमकी तीच गाळली जाते.