गेममध्ये अडकलेला नायक: कोरियन वेब कादंबऱ्या सुटता सुटत का नाहीत?

एक तरुण वर्षानुवर्षं एकच गेम खेळतोय. शेवटच्या टप्प्याचं दार उघडतं आणि पुढच्या क्षणी तो त्याच गेमच्या जगात, एका रानटी योद्ध्याच्या शरीरात जागा होतो. तिथे 'बाहेरून आलेला' म्हणून ओळखला गेला, तर मरण ठरलेलं. त्यामुळे लढायचं आहेच, शिवाय आपण कोण हे लपवायचंही आहे.

'सर्व्हायव्हिंग द गेम ॲज अ बार्बेरियन' या कोरियन वेब कादंबरीची ही सुरुवात. अशा गोष्टी जगभर वाचल्या जातात. त्यांत एवढं काय असतं? आणि अशी गोष्ट डहाणू-तलासरीच्या मातीत लिहायची झाली तर?

वेब कादंबरी म्हणजे काय?

मोबाईलवर भागाभागाने येणारी कादंबरी. जुन्या मासिकांतलं 'क्रमशः' आठवा, फक्त महिनाभर थांबायची गरज नाही. एक भाग पाच-दहा मिनिटांत संपतो. 'काकाओपेज' या कोरियन ॲपने २०१४ मध्ये 'थांबलात तर फुकट' ही पद्धत आणली. ठरावीक वेळ थांबलात तर पुढचा भाग मोफत. धीर नसेल तर साधारण १०० वॉन भरा. म्हणूनच प्रत्येक भाग ऐन रंगात आलेला असताना तोडलेला असतो.

वाचक का अडकतो?

२००७ पासून आलेल्या 'लेजंडरी मूनलाइट स्कल्प्टर'चा नायक घरावरच्या कर्जामुळे गेममधून पैसे कमावायला निघतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सोलो लेव्हलिंग'चा नायक सगळ्यांत दुबळा आणि त्याची आई दवाखान्यात. दोघेही गरजू घरातले.

नायकासमोर हवेत एक चौकट दिसते: ताकद किती, वेग किती, लेव्हल कितवी. 'सोलो लेव्हलिंग'मध्ये रोज १०० जोर, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणं पूर्ण केलं की आकडा वाढतो. खऱ्या आयुष्यात पोलीस भरतीसाठी दोन वर्षं धावूनही असा आकडा कुठे दिसत नाही. गेमचं जग क्रूर असतं, पण हिशोबाला चोख असतं. वाचकाला धरून ठेवतो तो हा हिशोब.

मराठीत काय आहे?

'प्रतिलिपी'वर मराठी लेखक भागाभागाने कथा लिहितात. २०२१ मध्ये याच कंपनीत 'क्राफ्टन'ने गुंतवणूक केली. 'क्राफ्टन' म्हणजे पबजीमागची कोरियन कंपनी. गेम बनवणाऱ्यांनाही गोष्टी हव्या असतात, त्या अशा.

मग डहाणू-तलासरीत काय सापडेल?

गेमच्या जगाला लागतात नियम, आणि वारली पाड्यांवर ते पिढ्यानपिढ्या आहेत. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्री. तारपा नाचात तारपकरी सूर बदलतो, तशी नाचणाऱ्यांची दिशा बदलते. तारप्याकडे पाठ फिरवायची नसते.

आता तो कोरियन नायक या जगात आणून बघा. नाचताना त्याने तारप्याकडे पाठ केली की तो पकडलाच गेला! या कादंबऱ्यांत जगाचा नकाशा ज्याला पाठ तोच टिकतो. इथे नकाशा पाठ असलेला खेळाडू म्हणजे पाड्यावर वाढलेला मुलगा किंवा मुलगी.

अडचण कुठे आहे?

डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे वारली चित्रं कप, साड्या, पिशव्यांवर छापली गेली, बरेचदा वारली कलाकाराला काही न मिळता. आज वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. पण ते चित्रकलेपुरतं. गाणी, देवांच्या गोष्टी आणि नाचाचे नियम त्यात येत नाहीत.

म्हणजे हे जग कुणीही उचलून गेमसारखी कादंबरी लिहू शकतं आणि भागामागे पैसे घेऊ शकतं. त्याआधी ती पाड्यावरच्या कुणी लिहिली, तर नियमही बरोबर येतील आणि पैसेही योग्य घरी जातील. लिहायला मोबाईल पुरतो.