संगणकावरचा कायदा : कोणती प्रत खरी मानावी?

मागील वर्षी प्रवेशाच्या धावपळीत आपल्या वस्तीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या मोबाईलमध्ये संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 ची एक प्रत होती. त्यातील परिच्छेद 3 मध्ये हिंदू व शीख या दोनच धर्मांचा उल्लेख होता. "काका, मग बौद्धांना केंद्राच्या सवलती नाहीत का?" असे तिने विचारले. अर्ज भरू नकोस, वेळ वाया जाईल, असा सल्लाही तिला कोणीतरी दिला होता.

वस्तुस्थिती अशी की, 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध यांचा समावेश संसदेने कायदा करून या परिच्छेदात केला. मुलीच्या हाती आलेला मजकूर 1990 च्या दुरुस्तीपूर्वीचा होता. तो खोटा नव्हता, जुना होता. परंतु एवढ्या फरकाने तिचे वर्ष हातचे जाण्याची वेळ आली होती.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. मूळ कागद, सत्यप्रत आणि झेरॉक्स यांतला फरक आम्हाला रोज पाहावा लागतो. कायद्याच्या बाबतीतही असाच फरक आहे. मात्र संगणकाच्या पडद्यावर सर्व प्रती सारख्याच दिसतात. म्हणून हा विषय सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडावा असे वाटले.

प्रसिद्धीशिवाय कायदा नाही

जयपूर संस्थानात 1923 साली मंत्रिमंडळाने ठराव करून अफूविषयीचा एक कायदा केला. तो राजपत्रात छापला गेला नाही, की अन्य मार्गाने लोकांना कळविला गेला नाही. पुढे हरला नावाच्या इसमाला त्याच कायद्याखाली 50 रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1951 साली न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी निकाल दिला की, जो कायदा लोकांना कळूच दिला नाही, त्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. हे बोस साहेब त्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. या निकालाने त्याची दुसरी बाजू स्पष्ट केली : कायदा जाहीर करणे ही शासनाची जबाबदारी आहे.

राजपत्र आणि संकेतस्थळ

शासन कायदा जाहीर करते ते राजपत्रातून, म्हणजेच गॅझेटमधून. पूर्वी राजपत्र छापील असे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 8 ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रालाही तोच दर्जा दिला. नियम किंवा अधिसूचना दोन्हींपैकी ज्या रूपात प्रथम प्रसिद्ध होईल, ती तारीख प्रसिद्धीची तारीख मानली जाते. 1 ऑक्टोबर 2015 पासून केंद्र सरकारने राजपत्राची छपाई बंद केली व ते केवळ संगणकावर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

मात्र राजपत्रात एक अडचण आहे. त्यात दुरुस्ती तुकड्या-तुकड्याने येते. 'अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत' एवढेच तेथे असते. संपूर्ण सुधारित कायदा एकत्र मिळत नाही. ती सोय 'इंडिया कोड'सारख्या सरकारी संकेतस्थळावर आहे. तेथे केंद्राचे व राज्यांचे अधिनियम विनामूल्य वाचता येतात. वाचण्यासाठी ही एकत्रित प्रत सोयीची. पण शब्दावर वाद निर्माण झाला, तर राजपत्रातील मूळ मजकूरच पाहावा लागतो. खाजगी संकेतस्थळे व फिरते संदेश यांचे स्थान त्यानंतरचे.

शासन निर्णय, ज्याला आपण जी.आर. म्हणतो, ती आणखी वेगळी बाब आहे. तो विधिमंडळाचा कायदा नव्हे, तर शासनाचा कार्यकारी आदेश होय. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक दिलेला असतो व तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे नमूद असते. मोबाईलवर आलेला जी.आर. खरा की बनावट, हे तो संकेतांक टाकून तपासता येते.

कायदा कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात हा प्रश्न न्यायालयात गेला. तेथील अधिकृत संहितेतील टिपा एका खाजगी प्रकाशकाने राज्याशी करार करून तयार केल्या होत्या. त्या टिपांवर आपला कॉपीराइट आहे, असा राज्याचा दावा होता. पब्लिक रिसोर्स नावाच्या संस्थेने संपूर्ण संहिता सर्वांसाठी खुली केली, तेव्हा राज्याने तिच्यावर दावा लावला. 27 एप्रिल 2020 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याचा दावा फेटाळला. कायदेमंडळाने आपल्या कर्तव्याचा भाग म्हणून तयार केलेल्या मजकुरावर कॉपीराइट सांगता येत नाही, असा त्याचा आशय. त्यापूर्वी 2011 साली तेथे राज्यांसाठी एक नमुना कायदाही तयार झाला. राज्याचा कायदा केवळ संगणकावर अधिकृतपणे प्रसिद्ध होत असेल, तर त्याचा खरेपणा तपासण्याची सोय हवी, तो जतन झाला पाहिजे आणि लोकांना कायम पाहता आला पाहिजे, हे त्याचे सूत्र. कोलोरॅडो राज्याने 2012 मध्ये तो प्रथम स्वीकारला.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट अधिनियमानुसार राजपत्रातील मजकूर पुन्हा छापता येतो; न्यायालयाने मनाई केली नसेल तर न्यायनिर्णयही छापता येतात. विधिमंडळाचा अधिनियम छापताना मात्र सोबत भाष्य किंवा अन्य मूळ मजकूर असावा, अशी अट आहे. खाजगी प्रकाशकांनी निकालांना जोडलेल्या सारांश-टिपांवर त्यांचा हक्क असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली ठरविले. पुढे 2023 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने आपले अधिकृत निर्णयसंग्रह संगणकावर विनामूल्य खुले केले.

मराठी पाठाविषयी थोडेसे. केंद्रीय कायद्याचा मराठी अनुवाद राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झाला असेल, तर 1973 च्या कायद्यानुसार तो प्राधिकृत पाठ ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे मराठी अनुवाद मात्र समजून घेण्यापुरते असतात. वाद झाल्यास इंग्रजी मूळच ग्राह्य धरतात.

आपण काय करावे?

1) कायद्याची प्रत पाहताना ती कोणत्या तारखेपर्यंत सुधारित आहे, हे प्रथम पाहावे. तारीख नसेल तर तिच्यावर विसंबू नये.

2) अर्जासोबत जोडावयाचा कागद राजपत्रातून किंवा शासनाच्या संकेतस्थळावरूनच काढावा, क्रमांक, तारीख व संकेतांक लिहून ठेवावा.

3) एखादे कार्यालय 'असा नियम आहे' म्हणत असेल, तर नियमाचा क्रमांक नम्रपणे विचारावा. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार आपण वापरतो ते नियम व सूचना स्वतःहून प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्यच आहे.

त्या मुलीसाठी आम्ही 1990 च्या दुरुस्ती अधिनियमाची प्रत काढली, अर्जाला जोडली आणि अर्ज मुदतीत गेला. काम अर्ध्या तासाचे होते. पण ती माझ्याकडे आली नसती तर? अशा किती मुली कोणाकडेच जात नसतील! म्हणून एक सूचना करतो. आपल्या संस्थेच्या वाचनालयात नेहमी लागणाऱ्या कायद्यांची व शासन निर्णयांची एक फाईल ठेवावी, दर जूनमध्ये तिच्यातील प्रती मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात आणि वर तपासणीची तारीख लिहावी. महाविद्यालयात जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतले, तर मी रविवारी त्यांच्यासोबत बसण्यास तयार आहे.