नाव तेच, डिस्क नवी

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आपल्या युनिक्स प्रणालीचे जे वर्णन १९७४ साली प्रसिद्ध केले, त्यात त्यांच्या पीडीपी-११ यंत्राच्या डिस्कांची मोजदाद आहे : दहा लाख बाइटांची एक, प्रत्येकी पंचवीस लाखांच्या चार, आणि चार कोटींची एक. त्या टंचाईच्या काळातही त्यांनी वापरणाऱ्यापुढे मांडला तो 'रूट'पासून फुटणारा डिरेक्टऱ्यांचा एकच वृक्ष. त्याची कोणती शाखा कोणत्या डिस्कवर वसते याची चौकशी कोणत्याही प्रोग्रामला करावी लागू नये, आणि नवी डिस्क आली की ती हव्या त्या शाखेवर 'माउंट' करावी, म्हणजे चढवावी, ही तजवीज मला युनिक्सच्या साऱ्या रचनेत सर्वाधिक दूरदर्शी वाटते.

आज लिनक्सच्या यंत्रावर जागा बहुधा 'व्हार' डिरेक्टरीत संपते, कारण लॉग, टपाल, डेटाबेस अशा नित्य वाढणाऱ्या गोष्टींचा मुक्काम तिथे असतो. ती नव्या डिस्कवर हलवायची तर प्रथम तीत लिहिणाऱ्या सर्व सेवा थांबवाव्यात, शक्य तर यंत्र एकल-वापरकर्ता अवस्थेत न्यावे. कारण डेटाबेसची नक्कल लेखन चालू असतानाच घेतली, तर तिचा पूर्वार्ध एका क्षणाचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या क्षणाचा निघतो.

नक्कल करण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. कचेरीचे दफ्तर दुसऱ्या इमारतीत नेताना कागद सारे पोचले, परंतु त्यांवरील शिक्के, तारखा आणि मालकीच्या नोंदी पुसल्या गेल्या, तर दफ्तर पोचले असे कोणताही जबाबदार कारकून म्हणणार नाही. फाइलींचेही तसेच आहे. प्रत्येक फाइलीबरोबर तिच्या मालकाचा व गटाचा क्रमांक, वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्या आणि अखेरच्या बदलाची वेळ नोंदलेली असते. 'रूट' याच नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याने साधी नक्कल केली की मालकी त्याच्याकडे जाते, तारीख आजची पडते, आणि डेटाबेसला स्वतःच्याच फाइली उघडता येईनाशा होतात. एकाच फाइलीला हार्ड लिंकने दोन नावे असली, तर त्यांच्या दोन स्वतंत्र फाइली होऊन जागाही दुप्पट जाते. म्हणून 'सीपी' ही आज्ञा 'आर्काइव्ह' पर्यायासह द्यावी; 'आरसिंक' हा प्रोग्राम वापरणाऱ्याने मात्र ध्यानात ठेवावे, की त्याच्या आर्काइव्ह पर्यायात हार्ड लिंक येत नाहीत, त्या निराळ्या मागाव्या लागतात.

यानंतर 'ईटीसी'मधील 'एफएसटॅब' या फाइलीत नव्या डिस्कची नोंद करावयाची, ती 'एसडीबी'सारख्या नावाने नव्हे, तर तिच्या यूयूआयडी या स्थिर ओळखक्रमांकाने. कारण ही नावे यंत्राला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात आणि तो क्रम बदलू शकतो. कोणती डिस्क कोठे चढवायची हे सांगणारी ही नोंदच 'ईटीसी'त असल्यामुळे 'ईटीसी' स्वतः रूटच्या डिस्कवरच राहिली पाहिजे. 'यूएसआर'च्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी : फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ साली 'बिन', 'एसबिन' आणि 'लिब' यांतील सारा ऐवज 'यूएसआर'मध्ये आणला, आणि इतर अनेक वितरणांनी तोच मार्ग धरला; अशा यंत्रावर 'यूएसआर' वेगळ्या डिस्कवर असली, तर ती यंत्र सुरू होताना प्रथम स्मृतीत उतरणाऱ्या इनिटरामएफएस या तात्पुरत्या फाइल-प्रणालीनेच चढवावी लागते, कारण पुढचा कारभार पाहणारा इनिटही तिच्याच पोटात असतो.

जुन्या 'व्हार'वरच नवी डिस्क चढवणे ही चूक वारंवार होते. त्यामुळे जुन्या फाइली नष्ट होत नाहीत, नव्या डिस्कखाली केवळ झाकल्या जातात आणि जागा अडवून बसतात; डिस्कवरील मोकळी जागा सांगणारा 'डीएफ' रूटची डिस्क भरलेली दाखवतो आणि फाइलींच्या जागेची बेरीज करणाऱ्या 'डीयू'ला त्या फाइली कोठेच सापडत नाहीत. यासाठी आधी जुन्या डिरेक्टरीचे नाव बदलावे, मूळ नावाची रिकामी डिरेक्टरी निर्माण करावी आणि तिच्यावर नवी डिस्क चढवावी. मग यंत्र एकदा पूर्ण बंद करून सुरू करावे. सेवा उभ्या राहिल्या आणि ताजे लॉग नव्या डिस्कवर उमटू लागले, की जुनी डिरेक्टरी खुशाल काढून टाकावी.