जामीनदारावर भरवसा नसेल तर काय करायचं?

आपल्या रेडिओवर आपण एरवी कर्जाचे हप्ते, पीकविमा, अंगावरचं रक्त कमी होणं, मुलींचं शिक्षण अशा गोष्टींवर बोलतो. आजचा विषय लांबच्या देशाचा आहे, पण तो निघाला मात्र आपल्याच बैठकीत.

बचत गोळा करून झाली होती, वही मिटली होती. तेवढ्यात एका ताईंनी विचारलं, "टीव्हीवर सांगत होते, दक्षिण कोरियातल्या लोकांना स्वतःचा अणुबॉम्ब हवाय. अमेरिका आहे ना त्यांच्या पाठीशी? मग यांना कशाला हवा?" दुसऱ्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या भरवशावर किती दिवस काढायचे? आपल्या देशाने केलाच की." तिसऱ्या म्हणाल्या, "एकाने केला की शेजारचाही करणार. मग थांबायचं कुठं?" तिघींच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणून आम्ही माहिती गोळा केली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी दोन देशांमधलं नातं समजून घेऊ. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. ते संपल्यावर कोरियाचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. १९५० ते १९५३ या दोघांत मोठं युद्ध झालं. लढाई थांबली, पण शांततेचा करार आजवर झालेला नाही. १९५३ मध्ये अमेरिकेने दक्षिण कोरियाशी संरक्षणाचा करार केला. अमेरिकेचे हजारो सैनिक अजूनही तिथे आहेत. जपानशीही अमेरिकेचा असाच करार आहे. या व्यवस्थेला 'अण्वस्त्रांची छत्री' म्हणतात.

छत्री हा शब्द थोडा फसवा आहे. आपली छत्री पाऊस अडवते. ही छत्री पडणारा बॉम्ब अडवत नाही. "तुम्ही आमच्या मित्रावर बॉम्ब टाकलात, तर आम्ही तुमच्यावर टाकू" असा तो धाक आहे. समोरच्याला धाक वाटला तरच तिचा उपयोग. म्हणून आम्हाला छत्रीपेक्षा आपला जामीनदार हा शब्द जास्त नेमका वाटतो. जामीनदार कागदावर सही करतो. पण वेळ आल्यावर तो खरंच पुढे येईल का, हे सही करताना कोणालाच ठाऊक नसतं.

ही शंका नवी नाही. फ्रान्स हा अमेरिकेचा दोस्त. १९६० च्या आसपास त्यांचे अध्यक्ष द गॉल यांनी हाच प्रश्न धरून ठेवला होता: पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका आपलं न्यूयॉर्क पणाला लावेल का? उत्तर नाही असंच त्यांना वाटलं आणि फ्रान्सने स्वतःचा बॉम्ब केला. दक्षिण कोरियातही तेच घडत होतं. १९७१ मध्ये अमेरिकेने तिथलं आपलं बरंचसं सैन्य काढून घेतलं. तेव्हाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही घाबरले आणि त्यांनी गुपचूप बॉम्बच्या तयारीला सुरुवात केली. अमेरिकेला कळलं, तिने दबाव आणला, आणि १९७५ मध्ये दक्षिण कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करार पक्का केला.

हा करार म्हणजे जगाच्या मोठ्या गटाचा नियम समजा. तो १९७० पासून लागू आहे आणि १९० च्या आसपास देश त्यात आहेत. नियम असा, की अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन या पाचांकडे बॉम्ब आधीच होते. बाकीच्यांनी ते करायचे नाहीत. त्या बदल्यात त्यांना वीज, औषधोपचार अशा कामांसाठी अणुशक्ती वापरता येईल. आणि त्या पाचांनी आपले बॉम्ब कमी करत नेण्याची बोलणी मनापासून करायची.

"आपल्या देशाने केलाच की" या ताईंच्या बोलण्याचं उत्तर इथे येतं. भारताने या करारावर सहीच केली नाही. पाचांना एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा, हे आपल्याला मान्य नव्हतं. पोखरणला १९७४ मध्ये आणि १९९८ मध्ये चाचण्या झाल्या, तेव्हा आपण कोणाच्या छत्रीखाली नव्हतो आणि या करारावर आपली सहीही नव्हती. ते बरोबर की चूक, यावर आपल्या देशात आजही दोन मतं आहेत. पण दक्षिण कोरियाची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी सही केलेली आहे आणि त्यांच्यामागे जामीनदार उभा आहे.

मग आता पुन्हा भीती का? कारण उत्तर कोरिया २००३ मध्ये या करारातून बाहेर पडल्याचं जाहीर करून मोकळा झाला. २००६ ते २०१७ या काळात त्याने सहा अणुचाचण्या केल्या. अमेरिकेपर्यंत पोहोचतील अशी क्षेपणास्त्रंही उडवून पाहिली. म्हणजे द गॉल यांचाच प्रश्न पुन्हा समोर आला: सोल वाचवण्यासाठी अमेरिका आपलं एखादं शहर पणाला लावेल का? सोल ही दक्षिण कोरियाची राजधानी, सरहद्दीपासून साधारण ५० किलोमीटरवर. देशातले जवळपास निम्मे लोक त्या शहरात आणि भोवतालच्या भागात राहतात. तिथल्या मतपाहण्यांत शंभरातले सत्तरच्या आसपास लोक "आपला बॉम्ब असावा" म्हणताना अनेकदा दिसले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष यून सुक-योल यांनीही तशी शक्यता उघड बोलून दाखवली. या लोकांना वेडं ठरवून चालणार नाही. मुलांना शाळेत पाठवून मागे जीव टांगणीला लागतो, त्या भीतीतून हे बोलणं आलेलं आहे.

त्यांच्याकडे आणखी एक दाखला आहे, युक्रेनचा. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा हजारो बॉम्ब युक्रेनच्या जमिनीवर राहिले. १९९४ मध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सरहद्दींचा मान राखू असा शब्द दिला. युक्रेनने ते बॉम्ब देऊन टाकले. त्याच रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये मोठं युद्ध लादलं. "बघा, दिले आणि फसले," असं लोक म्हणतात. ते दुःख खरं आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. त्या बॉम्बची कळ युक्रेनच्या हातात नव्हती, मॉस्कोच्या हातात होती. आणि "तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही लढायला येऊ" असा करार कोणीही केलेला नव्हता. युक्रेनला चार चांगले शब्द मिळाले होते, जामीनदार मिळाला नव्हता.

आता समजा दक्षिण कोरियाने ठरवलं, की बॉम्ब करायचाच. पुढे काय होईल, ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या देशाची जवळपास तिसरा हिस्सा वीज अणुवीज केंद्रांतून येते आणि त्याला लागणारं युरेनियम बाहेरून विकत घ्यावं लागतं. ते बॉम्बसाठी वापरणार नाही, या अटीवरच मिळतं. अट मोडली की पुरवठा अडण्याची आणि निर्बंध येण्याची भीती आहे. जहाजं, मोटारी, मोबाईल बाहेर विकून चालणारा हा देश. निर्बंधांचा चटका आधी कारखान्यातल्या कामगाराच्या घरातल्या चुलीला बसेल.

दुसरी गोष्ट, बॉम्ब एका रात्रीत होत नाही. ठरवल्यापासून तो हाती येईपर्यंत बराच काळ जातो. त्या काळात जामीनदार रागावून मागे सरला तर? जुनी छत्री गेली आणि नवी हातात नाही, अशी ती वेळ. शत्रूलाही वाटेल, की हा तयार होण्याआधीच काय ते उरकून घ्यावं. घराला कूड घालायला निघालो आणि आधी दारच काढून ठेवलं, असं ते होईल.

तिसरी गोष्ट, शेजारी. आपल्या तिसऱ्या ताई म्हणाल्या तेच. दक्षिण कोरियाने केला तर जपानमध्ये तोच प्रश्न उठेल. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना भीती वाटत होती, की पुढच्या दहा-बारा वर्षांत पंधरा ते पंचवीस देशांकडे बॉम्ब असतील. आज नऊ देशांकडे आहेत. १९८० च्या दशकात जगात सुमारे ७०,००० बॉम्ब होते, आज सुमारे १२,००० आहेत. हेही खूप झाले. पण नियम अर्धवट पाळला गेला तरी त्याचा उपयोग झाला. गटात एकीने हप्ता बुडवला म्हणून सगळ्यांनीच बुडवला, तर गट राहील का?

चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त बोचली. बॉम्ब केला की आजवर बहुतेकांनी तो फोडून पाहिला आहे. फ्रान्सने स्वतःच्या सुरक्षेसाठी बॉम्ब केला, पण चाचण्या पॅरिसजवळ केल्या नाहीत. १९६० पासून अल्जेरियाच्या वाळवंटात १७ आणि नंतर प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियाच्या बेटांवर १९३ चाचण्या केल्या. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. आजारपणं त्यांच्या वाट्याला आली.

आणि बॉम्ब पडतो तेव्हा कोणाचं काय होतं, हे कोरियन लोकांना इतर कोणापेक्षा कमी ठाऊक नाही. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीत हजारो कोरियन माणसं होती. काहींना जबरदस्तीने कामाला नेलं होतं, काही पोटासाठी गेली होती. वाचलेल्यांपैकी बरेच जण दक्षिण कोरियातल्या हापचन या भागात परतले. त्या भागाला कोरियाचं हिरोशिमा म्हणतात. कित्येक वर्षं ना जपानने त्यांची नीट दखल घेतली, ना स्वतःच्या सरकारने.

मग त्यांनी काय करावं? नुसतं नशिबावर सोडावं का? नाही. जामीनदारावर भरवसा नसेल तर आपण काय करतो? त्याला बैठकीत बोलावतो, सगळ्यांसमोर बोलायला लावतो, ठराव वहीत लिहून घेतो. एप्रिल २०२३ मध्ये वॉशिंग्टनला असंच काहीसं झालं. अण्वस्त्रांबाबतच्या नियोजनात दक्षिण कोरियाशी सल्लामसलत करायची, असं अमेरिकेने मान्य केलं आणि त्यासाठी दोन्ही देशांचा एक गट नेमला. दक्षिण कोरियाने आपण करार पाळू असं पुन्हा सांगितलं. हे पुरेसं आहे असं आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत सरकार बदललं की बोलणं बदलतं, ही धास्ती राहतेच. पण आमच्या मते रस्ता हाच आहे: निर्णयाच्या टेबलावर जागा मागायची, साधं सैन्य भक्कम ठेवायचं, शत्रूशीही बोलण्याचं दार उघडं ठेवायचं, आणि त्या पाच मोठ्यांना त्यांनी दिलेल्या शब्दाची सतत आठवण करून द्यायची. कारण पाचांनी शब्द पाळला नाही, तर बाकीच्यांनी का पाळावा, हा प्रश्न उद्या कोणीही विचारेल.

"या सगळ्यात आपल्यासारख्यांचं कोण ऐकतं?" असं तुम्ही म्हणाल. म्हणून शेवटी जपानमधल्या बायकांची गोष्ट सांगतो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटाजवळ एक प्रचंड बॉम्ब फोडला. तिथून दूर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर त्याची राख पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले, त्यातला एक त्याच वर्षी वारला. मासळी विषारी झाल्याची बातमी पसरली आणि बाजार ओस पडला. टोकियोच्या सुगिनामी भागात मासळीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईने सभेत उठून गाऱ्हाणं मांडलं. पुस्तकं वाचायला जमणाऱ्या तिथल्या बायकांच्या मंडळाने आणि इतर महिला मंडळांनी घरोघर जाऊन बॉम्बविरोधात सह्या गोळा केल्या. एकट्या सुगिनामीत अडीच लाखांहून जास्त सह्या झाल्या. हे लोण देशभर गेलं आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत तीन कोटींवर सह्या जमल्या.

त्या सह्यांनी जगातले बॉम्ब संपले नाहीत. जपान आजही अमेरिकेच्या छत्रीखालीच आहे. पण १९६७ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितलं: बॉम्ब करणार नाही, बाळगणार नाही, देशात येऊ देणार नाही. यातल्या तिसऱ्या वचनाला सरकारने अमेरिकेशी गुपचूप ठरवून फाटा दिला होता, हे नंतर उघड झालं. तरी पहिली दोन वचनं आजवर टिकली आहेत. लोकांचं लक्ष असलं की सरकारला वचन मोडणं जड जातं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर पाच मिनिटं काढा आणि एवढंच बोला: आपल्या सुरक्षेचा निर्णय कोण घेतं, आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून जाते? तुमचं मत आमच्यापेक्षा वेगळं असेल तर तेही आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ते वाचून दाखवू.