खोली किती फुटांची, हे विचाराच. पण खालची माती कशी आहे, हेही विचारा

कुर्ला, साकीनाका, जरीमरी या भागात पुनर्विकासाची मीटिंग बसली की प्रश्न ठरलेले असतात. खोली किती फुटांची मिळणार? भाडे किती देणार? पात्र कोण, अपात्र कोण? हे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्या जागेवर इमारत उभी राहणार, तिथे आधी काय होते आणि त्या मातीत काय मुरले आहे? मिठी नदीच्या काठावर राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न आरोग्याचा आहे, आणि आता तो विचारण्यासाठी कायद्याचा आधारही आहे.

नदीकाठी काय घडले?

विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघालेली मिठी साकीनाका, कुर्ला, कलिना, बीकेसी, धारावी करत माहीमच्या खाडीला मिळते. लांबी सुमारे १७.८ किलोमीटर. साकीनाका ते कुर्ला या पट्ट्यात अनेक वर्षे छोटे कारखाने, गाळे, गॅरेज, भंगाराची दुकाने आणि ड्रम धुण्याचे धंदे चालत आले. केमिकल, ऑईल, रंग यांचे रिकामे ड्रम धुवायचे, ते पुन्हा विकायचे आणि धुतलेले पाणी नाल्यात सोडायचे, अशी ही पद्धत. मिठीच्या प्रदूषणावर झालेल्या सरकारी अभ्यासांतही याची नोंद आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी लोकांच्या घरात शिरली. त्यानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण आले. नदी रुंद आणि खोल झाली, संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचे सांडपाणी धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्यासाठी ६.७ किलोमीटरच्या भूमिगत बोगद्याचा प्रकल्पही महापालिकेने हाती घेतला. ही सगळी कामे गरजेची आहेत. पण ती पाण्याची कामे आहेत. नाल्यातले पाणी स्वच्छ झाले म्हणून काठावरची माती आपोआप स्वच्छ होत नाही.

मातीत काय राहते?

सांडपाण्यातली घाण काही काळाने कुजून जाते. शिसे, क्रोमियम, कॅडमियम, निकेल हे जड धातू कुजत नाहीत. गॅल्व्हनायझिंग, इलेक्ट्रोप्लेटिंग, बॅटरी आणि रंगाच्या कामातून ते जमिनीत उतरतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. ऑईल आणि सॉल्व्हंट खाली झिरपत भूजलापर्यंत जातात.

हे माणसापर्यंत येते ते चार वाटांनी. खोदकामाच्या धुळीतून, बोअरवेलच्या पाण्यातून, मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात, आणि काही रसायनांच्या बाबतीत जमिनीतून तळमजल्यात येणाऱ्या वाफेतून. सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना. शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

याचा अर्थ नदीकाठचा प्रत्येक प्लॉट विषारी आहे, असा नाही. पुनर्विकासाला नकार द्या, असाही नाही. मुद्दा एवढाच, की टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, आणि टेस्ट खोदकामाच्या आधी व्हायला हवी.

माती स्वच्छ होते का?

होते, पण खर्च येतो. वरची दूषित माती काढून घातक कचऱ्यासाठी असलेल्या केंद्रात पाठवतात. आपल्याकडे असे केंद्र तळोजाला आहे. ऑईलने खराब झालेली माती जिवाणूंच्या मदतीने सुधारता येते. काही ठिकाणी माती मशिनमध्ये धुतात, काही ठिकाणी स्वच्छ मातीचा जाड थर टाकून खालचा भाग बंद करतात. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी ली नदीकाठची जुनी कारखान्यांची जमीन अशीच धुऊन, साफ करून वापरली गेली. मात्र तिथल्या छोट्या धंदेवाल्यांना जागा सोडावी लागली, हेही विसरू नये.

नवा नियम काय सांगतो?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली लागू केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि गरज असल्यास पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचे आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा.

इथेच सावध राहायला हवे. ड्रम धुणारा मजूर रोजंदारीवर होता. ड्रम भरला होता दुसऱ्याच कुठल्या कंपनीने. कारखाना बंद झाला, मालक निघून गेला, आणि आज जागेवर सापडतो तो भंगारवाला किंवा दहा बाय दहाच्या गाळ्याचा भाडेकरू. जिम्मेदारी ठरवताना बोट फक्त त्याच्याकडे जाऊ नये. त्याची रोजी-रोटीही याच जमिनीवर आहे, आणि त्या मातीत सगळ्यात जास्त वर्षे हात घातलेला माणूसही तोच आहे.

माहुलचा धडा

जागा न तपासता माणसे हलवली तर काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. तानसा जलवाहिनीच्या काठची घरे तोडून लोकांना माहुलला, रिफायनरींच्या शेजारी पाठवले. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की लोकांवर माहुलची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या किंवा महिना १५ हजार रुपये भाडे द्या. लोक जिंकले, पण त्याआधी त्यांची काही वर्षे तिथे गेली.

मग आपण काय करायचे?

१. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी जागेचा इतिहास लिहून काढा. कुठला कारखाना होता, काय बनायचे, ड्रम कुठे धुवायचे. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना हे माहीत असते.

२. माती आणि भूजलाच्या टेस्टचा रिपोर्ट बिल्डरकडे लेखी मागा. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. महाराष्ट्रातल्या मंजुरीपत्रांत जड धातूंसाठी माती व भूजल तपासण्याची अट सहसा असते. मंजुरीपत्र ऑनलाइन बघता येते.

३. रिपोर्ट मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.

४. संशय असेल तर वॉर्ड ऑफिस, वांद्र्याचे उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण मंडळ, तिन्हीकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.

५. खोदकाम सुरू असताना धूळ दाबण्यासाठी पाणी मारले जाते का, ट्रक झाकलेले असतात का आणि काढलेली माती कुठे जाते, हे बघा.

बंद कारखान्याच्या जागेवर घरे बांधायची तर कामगारांची देणी दिल्याचे लेबर कमिशनरचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कामगारांचा हिशेब असा कागदावर मागितला जातो. मातीचा हिशेबही तसाच कागदावर मागा. पुढच्या मीटिंगमध्ये एकाने जरी हा प्रश्न विचारला, तरी तो मिनिटबुकात नोंदवून घ्या.