संघमची ज्वारी आणि आपलं ताट

वस्तीत आरोग्य तपासणी घेतली की बहुतेक भगिनींचं हिमोग्लोबिन कमीच निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, ताटात काय पडतं हेही पाहावं लागतं. म्हणून या वेळी आम्ही शेतीविषयी बोलणार आहोत.

'सेंद्रिय' म्हटलं की मॉलमधलं महागडं पाकीट आठवतं, आणि ते आपलं नव्हे म्हणून आपण पुढे जातो. पण या शेतीचा एक मोठा प्रयोग दलित, गरीब बायांनीच उभा केला आहे. उदगीरहून बीदर ओलांडलं की तेलंगणातलं जहीराबाद लागतं. तिथे १९८३ साली डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं काम सुरू झालं. सुमारे ७५ गावांत बायांचे संघ बनले, त्यांना तिथे 'संघम' म्हणतात. यातल्या बहुतेक जणी दुसऱ्याच्या रानात मजुरी करणाऱ्या होत्या.

पहिला प्रश्न जमिनीचा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले ते याचसाठी. संघमच्या बायांनी पडीक, दगडगोट्यांची जमीन एकत्र मिळून खंडाने घेतली. काहींनी अनुसूचित जाती महामंडळाच्या योजनेतून बायांच्या नावावर जमीन मिळवली. विकतचं खत आणि औषध परवडणारं नव्हतं. शेणखत, गांडूळखत, पालापाचोळा आणि घरचं बी यांवर त्यांनी शेती उभी केली. एकाच रानात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस अशी मिश्र पिकं घेतली. पाऊस दगा देतो तेव्हा एक पीक जातं, दुसरं हाताला लागतं. बियाणं बायांच्याच ताब्यात असतं. गरजू बाईने बी उसनं न्यायचं आणि हंगामानंतर थोडं वाढवून परत करायचं.

१९९० च्या दशकात त्यांनी गावातच पर्यायी रेशन सुरू केलं. पडीक रान कसायला शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि परतफेड ज्वारीत घ्यायची. ती ज्वारी गावातच साठवायची आणि टंचाईच्या दिवसांत गरीब घरांना स्वस्तात द्यायची. गरीब कोण हे गावाने बसून ठरवायचं. उरलेला माल विकायला जहीराबादेत त्यांचं स्वतःचं दुकान आहे. माल सेंद्रिय आहे की नाही हे शेतकरी बायाच एकमेकींच्या रानात जाऊन तपासतात, त्यामुळे महागड्या प्रमाणपत्राचा खर्च वाचतो. सामाजिक उद्योग म्हणतात तो हाच. धंदा आहे, हिशेब आहे, पण आधी सभासदांचं पोट आणि मग बाजार. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संघमना मिळाला.

आता आरोग्याचं. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही नसतं, ज्वारीत सुमारे ४ आणि बाजरीत ६ च्या पुढे असतं. नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर तांदळात १० च्याही आत. हे लोह सेंद्रिय खतामुळे येतं असं नाही, तो त्या धान्याचाच गुण आहे. सेंद्रिय शेतीचा फायदा वेगळा आहे. मिश्र पिकांमुळे घरात भाकरीबरोबर डाळ आणि तेलबिया येतात. तणनाशक नसल्याने तांदुळजा, घोळ, कुर्डू या रानभाज्या बांधावर टिकतात. आणि सर्वात मोठा फायदा मजुराला होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पंप पाठीवर घेणारा माणूस बहुधा आपल्यातलाच असतो.

गावाकडे कुणी फवारणीला जात असेल तर हे सांगून ठेवा. डोकं गरगरणं, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, दम लागणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवा, उलटी करवू नका, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालावी.

वस्तीत आपण काय करू शकतो?

• आठवड्यातून तीन-चार दिवस तरी भाकरी करा. सोबत मोड आलेली मटकी किंवा पालेभाजी घ्या आणि वर लिंबू पिळा. जेवणानंतर तासभर चहा टाळा, चहामुळे लोह अंगी लागत नाही.
• दहा-पंधरा घरांनी मिळून गावाकडच्या ओळखीच्या महिला बचत गटाकडून थेट पोत्याने ज्वारी घ्या. दलाल टळला की दोन्हीकडे चार पैसे उरतात.
• 'सेंद्रिय' म्हणून जादा पैसे मागितले तर पाकिटावर 'जैविक भारत' किंवा 'पीजीएस-इंडिया'चं चिन्ह पाहा.
• भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. वरचं औषध बरंचसं जातं, आत मुरलेलं मात्र जात नाही.

गावात गायरान किंवा वडिलोपार्जित तुकडा पडून असेल तर त्याचा सातबारा काढून बघा, आणि त्यावर घरातल्या बाईचं नाव आहे का तेही बघा. जहीराबादच्या बायांनीही सुरुवात पडीक रानापासूनच केली होती.